प्रवेशद्वारापलीकडील खाडी : परकीय शिंपल्याविषयीच्या संशोधनलेखनाची चिकित्सा

प्रस्तुत लेखाचा विषय जेमतेम इंचभर लांबीचा एक शिंपला हा आहे. परंतु लेखाचा रोख त्या प्राण्यापेक्षा त्याच्याविषयी गेल्या अर्धशतकात झालेल्या लेखनावर आहे. मायटिलॉप्सिस सॅलेई या नावाने ओळखला जाणारा हा जीव मूळचा कॅरिबियन समुद्र व मेक्सिकोच्या आखाताच्या परिसरातील. भारतात त्याची पहिली नोंद विशाखापट्टणम बंदरातील असून ती १९६७ सालची मानली जाते. १९७१ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्याचे वर्णन काँजेरिया सॅलेई या नावाने प्रसिद्ध झाले. १९७५ पर्यंत मुंबईच्या गोदीतील त्याच्या वास्तव्याची चर्चा सुरू झाली होती आणि त्याला भारतीय बंदरांतील नवागत म्हटले जाऊ लागले होते. हे नवागतपण आता पन्नाशी ओलांडून गेले आहे.

या लेखनाचा पहिला विशेष असा की, ते जहाजाच्या बाजूने लिहिलेले आहे. शिंपला आपल्या तंतूंनी जहाजाच्या तळाला, गोदीच्या भिंतीला व पाणी आत घेणाऱ्या नळांना चिकटतो, इंधनखर्च वाढवतो, नळ तुंबवतो. म्हणून तो अभ्यासविषय झाला. नौदल व बंदरे यांची ही गरज रास्त होती आणि त्यातून झालेले काम मोलाचे आहे. क्षारतेतील मोठे चढउतार सोसण्याची या प्राण्याची क्षमता, त्याची झपाट्याने होणारी वाढ, एका चौरस मीटरमध्ये वीस हजारांहून अधिक संख्येने दाटण्याची त्याची रीत, हे सर्व आपल्याला अशा अभ्यासांमुळेच ज्ञात झाले. तथापि ज्या प्रश्नातून अभ्यास सुरू होतो त्या प्रश्नाच्या कुंपणातच तो बहुधा राहतो. लोखंडी तळाला चिकटलेला जीव मोजला गेला. खाडीतल्या चिखलाशी, कालवांच्या खडकांशी व मासेमारीशी त्याचे नाते काय, हा प्रश्न मागे राहिला.

२०१० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मुंबई बंदराविषयी जो लेख प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच या बंदराला सागरी जीवांच्या आगमनाचे प्रवेशद्वार म्हटले आहे. प्रतिमा समर्पक आहे. मात्र दार म्हटले की आतले घरही आले. मुंबई बंदराच्या दक्षिण अंगाला रेवस-करंजाच्या मुखातून धरमतर खाडी आत शिरते आणि अंबा नदीच्या पात्राने पेण तालुक्यात पोहोचते. डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी कच्चा माल घेऊन मुंबईहून, तसेच जयगडहून बार्ज याच खाडीने येतात. रोह्याची कुंडलिका नदी रेवदंड्याला समुद्रास मिळते; तेथेही साळावच्या धक्क्यावर मालवाहतूक होत आली आहे. बॅलास्ट पाण्याविषयीचा २००४ चा आंतरराष्ट्रीय करार ८ सप्टेंबर २०१७ पासून अमलात आला, परंतु एकाच देशाच्या पाण्यात फिरणारी जहाजे सर्वसाधारणपणे त्याच्या कक्षेबाहेर राहतात. तळाला चिकटून येणाऱ्या जीवांबाबत तर आंतरराष्ट्रीय पातळीवर २०११ ची, व २०२३ मध्ये सुधारलेली, ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वेच आहेत. दारावरचा पहारा कितीही कडक केला तरी घरातल्या घरात फिरणाऱ्या बार्जला तो लागू पडत नाही.

शेजारच्या असल्या तरी या दोन खाड्या एकसारख्या नाहीत. अंबेला उन्हाळ्यात वरून येणारे गोडे पाणी फार थोडे. त्यामुळे खारे पाणी आतवर चढते आणि पावसाळ्याच्या पुरात एकाएकी उतरते. कुंडलिकेत मात्र मुळशीच्या धरणाचे पाणी भिरा येथील वीजकेंद्रातून बारमाही येते. कोलाडला ऐन मे महिन्यात नौकाविहार चालतो तो या पाण्यावरच. म्हणजे रोह्याच्या खाडीचा वरचा भाग एरवी जेवढा खारा असता त्याहून उन्हाळ्यात कमी खारा असतो. शिवाय धाटावच्या औद्योगिक वसाहतीचे सांडपाणीही याच नदीच्या वाट्याला येते. निमखाऱ्या पाण्यात सुखाने राहणाऱ्या आणि अस्थिर, बिघडलेल्या पाण्यातही तग धरणाऱ्या प्राण्याच्या दृष्टीने हे तपशील निर्णायक आहेत. 'रायगडच्या खाड्या' असा एकच रकाना करून त्यांची सरासरी क्षारता देणारा तक्ता येथे निरुपयोगी ठरतो.

दुसरा मुद्दा नावाचा. मायटिलॉप्सिस हा दिसायला शिणाण्यासारखा असला तरी त्या कुळातला नव्हे. शिंपल्याच्या टोकाशी आतल्या बाजूस असलेला लहानसा पडदा ही त्याची खूण, आणि ती शिंपला उघडल्याखेरीज दिसत नाही. जाणकारांतही एकवाक्यता नाही : २००८ मध्ये थायलंडच्या आखाताच्या परिसरातील अशाच शिंपल्याची ओळख तेथील संशोधकांनी मायटिलॉप्सिस अ‍ॅडम्सी अशी दिली. त्यात भर म्हणून मायटेला स्ट्रायगाटा हा अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवरचा दुसरा परकीय शिंपला २०१९ च्या सुमारास केरळच्या खाड्यांतून नोंदला गेला. अष्टमुडीसारख्या, तिसऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सरोवरात तो झपाट्याने पसरला आणि तेथील मच्छीमारांनी त्याला 'वरत्तन कक्का', म्हणजे उपरा शिंपला, असे नावही देऊन टाकले. शास्त्रज्ञांच्या नावांपेक्षा हे नाव मला अधिक उपयुक्त वाटते. त्यात निदान ओळख आहे. आपल्याकडे कालवे, तिसऱ्या, खुबे, शिणाणे असा भेद नेमका जाणणाऱ्या स्त्रिया खाडीकाठी आहेत, परंतु आपल्या शोधनिबंधांत त्यांची साक्ष क्वचितच येते.

उपायांची चर्चा निघाली की ऑस्ट्रेलियातील डार्विनचा दाखला हमखास दिला जातो. मार्च १९९९ मध्ये तेथील नौकागोदीत हा शिंपला आढळला आणि क्लोरीन व मोरचूद वापरून काही आठवड्यांत त्याचे निर्मूलन झाले. दाखला खरा आहे, पण तो सांगताना एक गोष्ट गाळली जाते : त्या गोद्यांना पाणी अडवणारी दारे होती. आतले पाणी कोंडून त्यात विष घालता आले, आणि त्यात आतले बाकीचे जीवही मेले. धरमतरला असे दार नाही. दारे आहेत ती खारभूमीच्या बांधांवरच्या उघाड्यांना. आणि त्यांच्या आत भातशेती व जिताड्याची तळी आहेत. तेथे मोरचुदाचा विचारही करता येणार नाही. निर्मूलनाची यशोगाथा या खाड्यांसाठी उसनी घेणे म्हणजे लवकर लक्षात येण्याखेरीज दुसरा उपाय नाही, हे वास्तव झाकणे होय.

लवकर लक्षात यायचे तर आधीची नोंद हवी, आणि येथे महाविद्यालयीन संशोधनाची जबाबदारी येते. आपल्या नियतकालिकांतील मृदुकाय प्राण्यांच्या सूच्यांचा साचा परिचित आहे : जातींची नावे, स्थानके, आणि आढळले तेथे अधिक चिन्ह. उणे चिन्हाचा अर्थ मात्र बहुधा अनुत्तरित राहतो. प्राणी नव्हता, की धक्क्याचे खांब पाहिलेच नाहीत? ओहोटी किती होती? पाण्याची क्षारता त्या दिवशी किती होती? नमुना कोठे जपून ठेवला? नमुना नसेल तर नाव बदलल्यावर जुनी सूची तपासता येत नाही. आणि या प्राण्याचे नाव बदलत आले आहे, हे आपण वर पाहिले. पदोन्नतीच्या गुणांसाठी 'प्रथम नोंद' मोलाची ठरते, 'शोधूनही आढळला नाही' ही नोंद छापायला कोणी धजत नाही. परकीय जीवाच्या बाबतीत मूल्य याच दुसऱ्या नोंदीला अधिक आहे, कारण आगमनाचे वर्ष तिच्यावाचून ठरवता येत नाही.

पेण व रोहा येथील प्राणिशास्त्र विभागांना याकरिता मोठा निधी लागणार नाही. धरमतरच्या पुलाचे व धक्क्यांचे खांब, वाशी-वढाव भागातील खारबंदिस्तीच्या उघाड्यांची आतली व बाहेरची बाजू, रोह्याच्या वर भरती जेथे थांबते तो काठ, ही ठिकाणे पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर दरवर्षी पाहावीत, क्षारता मोजावी, प्रत्येक ठिकाणचे मूठभर शिंपले उघडून टोकाशी पडदा आहे का ते तपासावे व अल्कोहोलमध्ये ठेवावेत. उघाडीची आतली बाजू आधी पाहावी, कारण तेथे पाणी संथ व निमखारे असते, आणि जिताड्याच्या तळ्याचा मालक तेथील बदल आपल्याआधी ओळखतो.