‘अप’, ‘ऑफ’ आणि आपले ‘टाकणे’

गडहिंग्लजच्या पुस्तकांच्या दुकानांतून मिळणाऱ्या इंग्रजी व्याकरणाच्या मार्गदर्शिका आम्ही अलीकडे चाळल्या. मुखपृष्ठे निरनिराळी, परंतु शेवटची पाने एकाच साच्यातली. ‘गिव्ह अप म्हणजे सोडणे’, ‘पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे’, ‘लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे’ अशा जोड्या तेथे वर्णानुक्रमे मांडलेल्या असतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मुले त्या पाढ्यांसारख्या घोकतात. या याद्या चुकीच्या आहेत असे आमचे म्हणणे नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. जी करामत मूल आपल्या मातृभाषेत सकाळपासून रात्रीपर्यंत करीत असते, तीच त्याच्यापुढे परकी आणि दुर्बोध म्हणून ठेवली जाते.

ही अडचण आजची नव्हे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रख्यात कोश प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेतच त्यांनी कबूल केले होते की, साध्या क्रियापदापुढे एखादे अव्यय येऊन अर्थ पार पालटतो, आणि परकीयांना सर्वांत जड जाते ते हेच. या जोड्यांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव रूढ झाले ते लोगन पिअर्सॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकामुळे. नाव मिळाले आणि त्याबरोबर याद्याही आल्या.

आता आपल्या घरात डोकावू. आई मुलाला म्हणते, “तेवढा भात खाऊन टाक.” येथे कोणी काही टाकीत नाही. उलट टाकू नये म्हणूनच ती सांगते आहे! “रागाच्या भरात तो नको ते बोलून बसला” या वाक्यात कोणी बसत नाही, आणि “सहज बोलून गेला” म्हणताना कोणी कोठे जात नाही. ‘लिहिणे’ हे एकच क्रियापद घ्या. ‘लिहून घे’ म्हटले की लिहिण्याचा उपयोग लिहिणाऱ्याला, ‘लिहून दे’ म्हटले की दुसऱ्याला. ‘लिहून ठेव’ म्हणजे पुढे कधीतरी लागेल म्हणून. ‘लिहून काढ’ म्हणजे सबंध, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ‘लिहून टाक’ म्हणजे एकदाची ब्याद जाऊ दे. सहा वर्षांच्या मुलालाही या छटा समजतात, आणि त्यासाठी त्याने कोणतीही यादी पाठ केलेली नसते. आपले वैयाकरण यांना संयुक्त क्रियापदे म्हणतात. आपल्या गावात तर शेजारच्या कानडी घरातही तीच रीत. ‘तिंदुबिडु’ म्हणजे ‘खाऊन टाक’, आणि त्यातील ‘बिडु’चा मूळ अर्थ ‘सोड’.

इंग्रजीत हीच छटा दिशादर्शक शब्दातून येते. ‘ईट अप’मध्ये ‘वर’ काही जात नाही, जसे ‘खाऊन टाक’मध्ये ‘टाकणे’ नाही. तो ‘अप’ क्रिया पुरी झाल्याचे सांगतो. ‘राइट डाउन’ जवळजवळ आपले ‘लिहून ठेव’, ‘राइट आउट’ जवळजवळ ‘लिहून काढ’, ‘गिव्ह अवे’ पुष्कळदा ‘देऊन टाकणे’. एवढे एकदा फळ्यावर मांडले तर मुलाची निम्मी भीती जाईल, असे आम्हांस वाटते. ‘जवळजवळ’ हा शब्द मात्र आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. इंग्रज आई ‘डिडन्ट ईट इट अप’ असे नकारार्थी सहज म्हणेल, पण ‘खाऊन टाकले नाही’ हे आपल्या कानाला खटकते. आपण ‘खाल्ले नाही’ एवढ्यावरच थांबतो.

मराठी मूल खरे अडखळते ते दुसऱ्या ठिकाणी. आपले शब्दयोगी अव्यय नामाला चिकटते : टेबलावर, घराबाहेर. इंग्रजीत मात्र काही अव्यये पुढच्या नामाची असतात आणि काही मागच्या क्रियापदाची, आणि कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. ती ओळखण्याची खूण सोपी आहे. नामाऐवजी ‘इट’ घालून पाहावे. ‘पुट इट ऑफ’ होते, ‘पुट ऑफ इट’ होत नाही. ‘लुक आफ्टर इट’ होते, ‘लुक इट आफ्टर’ होत नाही. बोलताना पहिल्या प्रकारात आघात ‘ऑफ’वर पडतो, दुसऱ्यात तो ‘लुक’वरच राहतो. आम्ही पाहिलेल्या एकाही मार्गदर्शिकेत हे दोन ओळींचे स्पष्टीकरण नव्हते.

निवडीच्या बाबतीत तर या याद्या अधिकच उण्या पडतात. प्रत्यक्ष वापराचा शोध आता पुष्कळ झाला आहे. कॉलिन्स कोबिल्डचा १९८९ सालचा कोश गोळा केलेल्या खऱ्या वाक्यांवर उभारलेला होता. २००७ साली गार्डनर आणि डेव्हिस या अभ्यासकांनी सुमारे दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश संग्रहाची छाननी केली, तेव्हा अवघ्या शंभर जोड्यांनी अशा एकूण वापराचा निम्म्याहून थोडा अधिक भाग व्यापल्याचे आढळले. पुढे २०१५ साली गार्नियर आणि श्मिट यांनी नित्याच्या दीडशे जोड्या आणि त्यांचे २८८ अर्थ वेचून दिले. म्हणजे जोडीमागे साधारण दोन अर्थ. आपल्या याद्या एका जोडीला एकच अर्थ देतात आणि रोजची ‘गो ऑन’ व वर्षातून एकदा भेटणारी जोडी यांना एकाच पंगतीत बसवितात.

या जोड्या हलक्या, बोलीतल्या, म्हणून निबंधात टाळाव्यात, असाही एक समज शाळांतून रुजला आहे. मिस्सेला जाणाऱ्या वाचकाने यावर थोडा विचार करावा. देवाच्या कोकराला उद्देशून केलेल्या प्रार्थनेत लॅटिनमध्ये ‘टोल्लिस’ असा एकच शब्द आहे. इंग्रजीने तेथे ‘टेक अवे’ ही जोडी घेतली. आपल्या बायबलात ‘हरण करणे’ हे भारदस्त क्रियापद आले. (सीताहरणातलेही तेच, पण ते असो.) हीच ‘टेक अवे’ जोडी इंग्लंडात खाणावळीच्या पाटीवर असते, जिला आपण ‘पार्सल’ म्हणतो. वेदीवर आणि पाटीवर एकच जोडी चालते, त्या भाषेत तिला हलकी कसे म्हणावे?

आपण या जोड्या उचलल्या नाहीत असे नाही, पण उचलल्या त्या नाम म्हणून. दहावीचा ‘सेंड ऑफ’, डॉक्टरांकडचे ‘चेकअप’, प्रवेशाचा ‘कट ऑफ’. ‘पिकअप’मधून मिरचीची पोती येतात, आणि गाडी चढावर धापा टाकू लागली की तिला ‘पिकअप नाही’ असेही आपण म्हणतो. क्रियापद म्हणून बोलताना मात्र हवे ते शेपूट आपण गाळतो आणि नको तेथे लावतो : ‘आय विल पिक यू’, ‘डिस्कस अबाउट’, ‘रिटर्न बॅक’.

हा केवळ शुद्धाशुद्धतेचा वाद असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. आमच्या परिचयातील एक परिचारिका परदेशी नोकरीला गेली. पहिल्याच आठवड्यात एका रुग्णाने तिला ‘आय पास्ड आउट’ असे सांगितले. आपल्याकडे लष्करी प्रबोधिनीपासून महाविद्यालयापर्यंत ‘पास आउट’ म्हणजे शिक्षण पुरे करून बाहेर पडणे. गृहस्थ आपली पदवी सांगत आहेत असे समजून ती हसली. तो शुद्ध हरपल्याचे सांगत होता! ‘थ्रो अप’ म्हणजे ओकणे, ‘कम राउंड’ म्हणजे शुद्धीवर येणे, ‘पास अवे’ म्हणजे निधन. रुग्णाच्या खाटेशी हे शब्द रोज लागतात. तिच्या पाठ्यपुस्तकात त्यांच्या जागी लॅटिन घराण्यातील लांबलचक शब्द होते आणि ते तिला बिनचूक येत होते. खाटेवरचा माणूस मात्र तसे बोलत नाही.

येथे फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण येते. १५७९ साली गोव्यात उतरलेला हा येशूसंघीय धर्मगुरू जन्माने इंग्रज. ‘अप’ आणि ‘आउट’च्या भाषेतून तो आपल्या ‘टाकणे-बसणे’च्या मुलखात आला, म्हणजे आपल्या मुलांच्या नेमका उलट दिशेने. छापील व्याकरण हाती नसताना त्यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ सिद्ध केले. त्यांनी रचलेले कोकणीचे व्याकरण राचोलला छापले गेले ते त्यांच्या निधनानंतर, १६४० साली. आधी कान, मग व्याकरण, हा क्रम आपल्या शिकवण्यांनी उलटा केला आहे. जुन्या तर्खडकरी पाठमालेची आपण थट्टा करतो, पण तिने मुलांपुढे निदान पुरी वाक्ये ठेवली होती.

आमच्या धर्मग्रामातील काही मुलांबरोबर आम्ही यंदा ‘लिहिणे’ची वरील जोड्यांची गंमत करून पाहिली. ‘लिहून ठेव’वरून ‘राइट डाउन’ त्यांनी आमच्या आधी ओळखले. अडले ते ‘गिव्ह अप’पाशी. प्रायश्चित्तकाळात आपण मांस सोडतो, तेथे ‘गिव्ह अप’ चपखल बसते. प्राण सोडण्यालाही जुन्या इंग्रजी बायबलात तीच जोडी आहे. एका मुलीने मग उत्साहाने ‘आय गेव्ह अप माय फास्ट’ असे लिहिले. तिला म्हणायचे होते, मी संध्याकाळी उपवास सोडला. वाचणाऱ्या इंग्रजाला वाटेल, पोरीने उपवास करण्याचा नादच सोडून दिला. उपवास सोडण्याला इंग्रजीत ‘ब्रेक’ म्हणतात, आणि त्याला मागे शेपूट नाही.