राधेचे सांत्वन, राणीचे मौन

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या वाटेवर, ओरत्तनाडु येथे, दुसऱ्या सरफोजीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुक्तांबेच्या नावाने अन्नछत्र उभारले. राणीपद न लाभलेल्या प्रेयसीची ती अंतिम इच्छा होती, असे परंपरा सांगते. या छत्राकडे प्रेमाचे स्मारक म्हणून पाहिले जाते. मात्र ज्या राजगृहात प्रेमाला विवाहाबाहेर जागा मिळाली, तेथे विवाहाच्या आत राहणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न त्या गौरवात हरवतो.

बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेल्या मराठी भोसले वंशचरित्रात त्याचे उत्तर शोधणे व्यर्थ होय. वंशकथेला राणीचे कूळ आणि अपत्य हवे असते, मन नव्हे. त्यासाठी भाषेची सीमा ओलांडावी लागते. याच घराण्यातील प्रतापसिंहाच्या दरबारात (१७३९-१७६३) मुद्दुपळनी या गणिका-कवयित्रीने तेलुगूत ‘राधिकासांत्वनमु’ रचले. त्यातील राधा, स्वतः वाढविलेल्या इलेचा कृष्णाशी विवाह लावून देते आणि मग मत्सराने जळते. कृष्णाला अखेर तिची मनधरणी करावी लागते.

बंगळूर नागरत्नम्मांनी १९१० साली या काव्याची संपूर्ण आवृत्ती काढली, तेव्हा स्त्रीने शृंगार असा उघड लिहावा यावरच वाद पेटला आणि पुढे ब्रिटिश सरकारने बंदीही घातली. त्यानंतरच्या चर्चेचा भर साहजिकच राधेच्या कामनेवर राहिला. परंतु काव्याचे शीर्षकच एक पेच सुचविते: राधेचे सांत्वन होते, इलेचे कोणी करावे? राधा रुसू शकते, कारण तिचे नाते विधीने बांधलेले नाही. रुसून जाण्याचा हा अवकाश विवाहित इलेपाशी नाही. काव्य दरबाराचे चरित्र नव्हे. तरीही अंतःपुराची रचना त्यात स्पष्ट उमटते.

विवाहितेचा आवाज नोंदला गेला तो फार उशिरा, तोही निराळ्या भाषेत. १८५५ साली शेवटचा राजा शिवाजी निपुत्रिक वारला. कंपनीने राजवाड्याची मालमत्ता ताब्यात घेताच ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेली. हे राज्यसत्तेचे कृत्य असून न्यायालयाच्या कक्षेबाहेरचे आहे, असा निर्णय लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८५९ साली दिला. त्या कज्जात राणी बोलते ती वारसा आणि मालमत्ता यांविषयी. संसाराविषयी विचारणारे न्यायपीठ नव्हतेच.

तंजावरच्या बहुभाषिक वाङ्मयाचा तौलनिक अभ्यास केवळ भाषांच्या देवघेवीपाशी थांबू नये. कोणते दुःख कोणत्या भाषेत, कोणाच्या मुखातून सांगता आले, याचाही त्याने हिशेब घ्यावा. गणिकेला काव्य मिळाले, प्रेयसीला छत्र. राणीच्या वाट्याला आली ती दाव्याची कागदपत्रे.