डोंगर खणणारे परके हात

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, ही कथा आपल्या जिल्ह्यात घरोघरी ज्ञात आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी तिकडून एक चित्रकार इकडे आला, त्याची आठवण मात्र क्वचितच निघते. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून शू बेईहोंग डिसेंबर १९३९ मध्ये शांतिनिकेतनात आले आणि सुमारे वर्षभर भारतात राहिले. या सहवासातून नेमके काय निपजले, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

त्यांचे ‘डोंगर हलविणारा खुळा म्हातारा’ हे चार मीटरांहून लांब चित्र १९४० सालचे, दार्जिलिंगच्या मुक्कामातले. कथा चिनी आहे. दाराआडचे दोन डोंगर खणून काढण्यास नव्वदीला टेकलेला यूगोंग मुलानातवांसह सज्ज होतो. चित्रात वृद्ध, स्त्री व मुले चिनी आहेत. परंतु कुदळ उगारणाऱ्या उघड्या, पिळदार पुरुषांच्या अंगलटी आणि चेहरे उघडच भारतीय आहेत. त्यांच्यासाठी शांतिनिकेतनातील माणसे नमुना म्हणून उभी राहिली. आक्रमणाने होरपळणाऱ्या चीनचा डोंगर भारतीय हात खणीत आहेत!

तरीही स्तुतीच्या भरात एक उणीव झाकू नये. शरीररचनेचा अभ्यास पॅरिसच्या शाळेतला आहे. नंदलाल बोस यांच्या रेषेचा संस्कार त्यावर फारसा दिसत नाही. शिवाय पाहुण्याचे नाव जगाला माहीत झाले, उभे राहणाऱ्यांची नावे बहुतांशी विरली. यजमानाने केवळ देह पुरवावा, एवढ्यास आम्ही सहकार्य म्हणणार नाही.

खरे सहकार्य आम्हांस दुसरीकडे दिसते. रवींद्रनाथांच्या विनंतीवरून शू आणि नंदलाल यांनी एकत्र बसून कविवर्यांच्या असंख्य चित्रांतून निवडक चित्रे वेचली. हेच शू १९२९ साली सेझान व मातिस यांच्यावर जाहीरपणे तुटून पडले होते. यथार्थ चित्रणाचा असा कडवा पुरस्कर्ता, कोणत्याही शाळेत न शिकलेल्या कवीची विचित्र, अनघड चित्रे एकेक करून हाती घेतो, ही लहान गोष्ट नव्हे. त्यांचा कुंचला बदलला नाही. परंतु आपल्या आवडीपलीकडचे पाहण्यास डोळ्याने संमती दिली. मोठ्या चित्रापेक्षा हे काम आम्ही मोलाचे मानतो.

याच शांतिनिकेतनात शिकलेल्या आंजेलो द फोन्सेका यांनी पवित्र मरीयेस साडी नेसविली, तेव्हा गोव्यातील आपलेच अनेक बांधव रुष्ट झाले. ते पुण्यास येऊन राहिले व १९६७ साली तेथेच निवर्तले. चिनी पाहुण्याने परक्याच्या चित्रांपुढे जेवढा धीर दाखविला, तेवढा आपण घरच्या चित्रकारासाठी दाखविला काय?

मैंदर्गीत मराठी आणि कानडी एकाच ओट्यावर बोलल्या जातात. कोणी आपली भाषा टाकीत नाही. दुसऱ्याची ऐकून घेतो. कलेतील सोबतही याहून निराळी नसावी. डोंगर कुदळीने हलतो की श्रद्धेने, हा वाद राहू द्या. शेजाऱ्याला आधी नीट पाहिले पाहिजे, एवढे निश्चित.