गिनेस, सर ॲलेक

(२ एप्रिल १९१४–५ ऑगस्ट २०००). रंगभूमी, चित्रपट व दूरचित्रवाणी या तिन्ही क्षेत्रांत ख्याती मिळविलेला इंग्रज नट. जन्म लंडन येथे. जन्मदाखल्यात पित्याची नोंद नव्हती आणि आपला पिता कोण, हे त्याला अखेरपर्यंत निश्चितपणे कळले नाही. शाळा सुटल्यावर त्याने काही काळ एका जाहिरातसंस्थेत मजकूर लिहिण्याचे काम केले. पुढे फे कॉम्प्टन हिच्या नाट्यशाळेत थोडे शिक्षण घेऊन तो १९३४ मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आला. त्याच वर्षी जॉन गीलगूडने आपल्या ‘हॅम्लेट’मध्ये त्याला ऑझ्रिकची छोटी भूमिका दिली. १९३८ मध्ये टायरन गथ्रीच्या दिग्दर्शनाखाली ओल्ड व्हिकमध्ये सादर झालेल्या, आधुनिक वेशातील ‘हॅम्लेट’चा तो नायक होता. युद्धकाळात तो नौदलात दाखल झाला. १९४३ मधील सिसिलीवरील स्वारीत सैन्य उतरविणाऱ्या एका नौकेचे आधिपत्य त्याच्याकडे होते.

अनेक चेहऱ्यांचा नट अशी गिनेसची प्रसिद्धी आहे. ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ (१९४९) या चित्रपटात त्याने एकाच सरदारघराण्यातील आठ व्यक्ती रंगविल्या; त्यांत एक स्त्रीही होती. ही प्रसिद्धी खोटी नव्हे, परंतु तिने त्याच्या कलेविषयी काहीशी दिशाभूल केली आहे. बहुरूप्याचे कसब त्याच्या अंगी होते, यात शंका नाही. पण सोंग वठविणे आणि भूमिका उभी करणे यांत अंतर असते. त्या आठांपैकी सेनापती, आरमारप्रमुख इत्यादी मंडळी हसवून निघून जातात. लक्षात राहतो तो आपल्याच बडबडीत रमलेला वृद्ध धर्मोपदेशक, कारण त्याच्यामागे एक संपूर्ण एकाकी आयुष्य असल्याचा भास होतो. ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ (१९५१) मधील सोने पळविणारा आज्ञाधारक बँक-कारकून आणि ‘द मॅन इन द व्हाइट सूट’ (१९५१) मधील कधीही न मळणारे व न फाटणारे कापड शोधून काढणारा रसायनज्ञ या भूमिकांत तर रंगभूषेचा आधार जवळजवळ नाहीच. कारकुनाच्या डोळ्यांतील किंचित चमक तेवढी पुरेशी ठरते.

याउलट ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ (१९४८) मधील फेगिन. जॉर्ज क्रुकशँकच्या मूळ चित्रांवरून घडविलेले प्रचंड नाक व दाढी यांमुळे ही भूमिका गाजली, तशीच ज्यूंच्या विटंबनेच्या आरोपामुळेही गाजली. बर्लिनमध्ये १९४९ साली तिच्याविरुद्ध निदर्शने झाली. अमेरिकेत हा चित्रपट १९५१ पर्यंत अडकून पडला आणि काटछाट करूनच दाखविला गेला. नटाचा हेतू दुष्ट नव्हता, हे मान्य केले तरी हा आक्षेप निराधार ठरत नाही. मुखवटा इतका परिपूर्ण होता, की त्याआडचा माणूस दिसेनासा झाला.

रंगभूमीवर भव्य शोकात्म भूमिका गिनेसला फारशा मानवल्या नाहीत. ऑलिव्हिएच्या ‘किंग लिअर’ (१९४६) मधील त्याच्या विदूषकाची टीकाकारांनी वाखाणणी केली. पण १९५१ मध्ये सहदिग्दर्शन करून त्याने पुन्हा केलेला हॅम्लेट सपशेल कोसळला आणि १९६६ चा मॅक्बेथही फिका पडला. ऑलिव्हिएची झेप किंवा गीलगूडचा नादमधुर स्वर त्याच्यापाशी नव्हता. त्याचे सामर्थ्य दडविण्यात होते आणि ते जवळून पाहावे लागे. म्हणूनच कॅमेरा त्याला अधिक अनुकूल ठरला.

डेव्हिड लीनच्या ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (१९५७) मधील कर्नल निकलसन ही त्याची सर्वश्रेष्ठ भूमिका म्हणावी लागेल. युद्धकैदी असूनही शिस्तीच्या व अभिमानाच्या पोटी शत्रूसाठी उत्तम पूल बांधणारा हा अधिकारी हास्यास्पद होण्याचा धोका पदोपदी होता. गिनेसने त्याला हास्यास्पद होऊ दिले नाही आणि थोरही केले नाही. तापलेल्या पत्र्याच्या कोठडीतून बाहेर पडताना कर्नलचे पाय लटपटतात, कणा मात्र ताठ राहतो. पोलिओतून उठलेल्या आपल्या मुलाची चाल त्याने या प्रसंगासाठी उचलली, असे सांगतात. शेवटी आपण काय करून बसलो याची कर्नलला होणारी जाणीव क्षणमात्र चेहऱ्यावर उमटते. या भूमिकेसाठी त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. १९५९ मध्ये त्याला ‘सर’ हा किताब लाभला.

लीनच्याच ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९८४) मधील प्राध्यापक गोडबोले हा त्याचा ठळक पराभव होय, आणि मराठी वाचकाला तो विशेष जाणवावा असा आहे. ई. एम्. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास संस्थानाच्या थोरल्या पातीत महाराजांचा खासगी चिटणीस होता. तेथील गोकुळाष्टमीचा उत्सव त्याच्या कादंबरीच्या अखेरच्या भागात उतरला आहे. त्या भागात गोडबोले हा दक्षिणी ब्राह्मण कीर्तनात तल्लीन होतो व तुकारामाच्या नावाचा गजर चालतो. चित्रपटात हा भाग आक्रसला, गिनेसने शिकून घेतलेले नृत्यही गाळले गेले. उरले ते काळवंडविलेले तोंड, पागोटे आणि गूढ हसू. दोष सर्वस्वी नटाचा नाही. परंतु भारतीय नट उपलब्ध असताना त्याने हे सोंग पत्करावयास नको होते. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) मधील फैझलही रंग फासूनच उभा केलेला होता; मात्र तेथे पटकथेने त्याला राजकारणी मन दिले होते आणि गिनेसला तेवढे पुरले.

‘स्टार वॉर्स’ (१९७७) ने त्याला अमाप पैसा व त्याला नकोशी वाटणारी लोकप्रियता दिली. त्याच्या उत्तरायुष्यातील खरी कामगिरी म्हणजे बी. बी. सी.वरील ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ (१९७९) ही सात भागांची मालिका. हेरखात्यातील निवृत्त अधिकारी जॉर्ज स्मायली यात बहुतेक वेळ केवळ ऐकत असतो. दुसरा बोलत असताना प्रेक्षकाची नजर मात्र ऐकणाऱ्यावरच खिळून राहते. या भूमिकेच्या तयारीसाठी लेखक जॉन ल कॅरेने त्याची गाठ हेरखात्याचे माजी प्रमुख मॉरिस ओल्डफील्ड यांच्याशी घालून दिली होती. गिनेसने त्यांच्या लकबी बारकाईने टिपल्या. परंतु स्मायलीचे मौन मात्र त्याचे स्वतःचे आहे. १९८२ मध्ये ‘स्मायलीज पीपल’मध्ये त्याने ही भूमिका पुन्हा केली.

‘ब्लेसिंग्ज इन डिसगाइज’ (१९८५) हे त्याचे आत्मचरित्र. त्यात तो स्वतःपेक्षा इतरांविषयीच अधिक बोलतो. ‘अ वॉक इन द वुड्स’ (१९८८) या नाटकातील रशियन मुत्सद्दी ही त्याची रंगभूमीवरील अखेरची भूमिका. मिडहर्स्ट (ससेक्स) येथे तो निधन पावला.