जिजाईची चप्पल आणि जिनेप्रोचं डुक्कर

रोबेर्तो रोसेलिनीच्या ‘फ्रान्चेस्को, जुल्लारे दि दिओ’ची सुरुवात चिखलात होते. धो धो पाऊस, अनवाणी पाय, अंगाला चिकटलेले जाडेभरडे झगे, आणि असिसीकर संत फ्रान्सिस व त्यांचे सोबती एकमेकांशी बोलत चाललेले. रोमला पोपची परवानगी घेऊन परतलेली ही मंडळी आपल्या झोपडीशी पोचतात, तर आत एक शेतकरी गाढवासकट मुक्काम ठोकून बसलेला. तो त्यांना चक्क हाकलून देतो. फ्रान्सिस रागावत नाहीत. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो, याचाच त्यांना आनंद.

नावाचा अर्थ देवाचा विदूषक, साल १९५०. कॅथलिक श्रद्धेवरचा हा चित्रपट मला नेहमी देहूजवळचा वाटत आला आहे. देहूच्या तुकोबांवर ‘प्रभात’ने १९३६ साली काढलेला ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. तेरा वर्षांनी त्याच महोत्सवात हे इटालियन संत आले. एकाने दुसऱ्याचं पाहून काही केलं असं मला म्हणायचं नाही. पण संत पडद्यावर कसा आणायचा, या प्रश्नाशी दोघेही झगडले आणि दोघांनाही वाट सापडली ती संताच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसात.

आपल्याकडे या प्रश्नाची सुरुवातच मुळी ख्रिस्तापासून झाली. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि पडद्यावर येशू दिसत असताना त्यांच्या मनात राम-कृष्ण हलू लागले, हे त्यांनीच १९१७ साली ‘नवयुग’मध्ये लिहून ठेवलं आहे. ते जुने ख्रिस्तपट म्हणजे देवघरातल्या तसबिरी एकामागून एक जिवंत केल्यासारखे. संत मधोमध, हात वर, बाकीचे भोवती. फाळक्यांच्या पौराणिक पटांतही ती तसबीर पुष्कळ आहे.

‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी ती तसबीर भिंतीवरून उतरवली. त्यांचे तुकोबा, म्हणजे विष्णुपंत पागनीस, रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले नट. पण इथे ते जणू काही करतच नाहीत. डोळे अर्धवट मिटलेले, आवाज मऊ, हातात वीणा. सुरुवातीलाच तुकोबांचा अभंग साधेपणाने कानी पडतो आणि पाठोपाठ त्यांच्यावर जळणारा सालोमालो तोच अभंग स्वतःचा म्हणून देवळात नटवून-मुरडवून गातो. शब्द तेच, पण एकीकडे भजन आणि दुसरीकडे सोंग. सिनेमात श्रद्धा कशी दाखवू नये, याचा हा धडा दिग्दर्शक पहिल्या काही मिनिटांतच देऊन टाकतात, तोही हसवत. (शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी रचलेला अभंग पुढे जाणकारांनाही तुकोबांचाच वाटला. सालोमालोच्या चोरीच्या अगदी उलटा प्रकार!)

तरी चित्रपटाचा प्राण पागनीस नव्हेत, गौरीबाईंची जिजाई आहे. तिला नवऱ्याचा विठोबा कळत नाही. तिला पोरं, चूल आणि म्हैस कळते. मूल आजारी पडतं तेव्हा ती चप्पल घेऊन देवळात शिरते आणि विठ्ठलावर उगारते. गौरीबाई हा प्रसंग किंचितही लाडिकपणा न करता करतात. पदर खोचलेला, चालण्यात तरातरा घाई, आणि आवाजात भाजीवालीशी भांडतानाचा तोच सूर. देवाशी इतक्या जवळिकीने भांडणारी बाई भक्त नाही, असं कोण म्हणेल? पण हे तिला सांगितलं तर ती आपल्यालाही चप्पल दाखवेल.

रोसेलिनीकडे हे काम जिनेप्रो करतो. आजारी बंधूला डुकराचा पाय खावासा वाटतो, म्हणून हा भोळा संन्यासी रानात जाऊन जिवंत डुकराचा पाय कापून आणतो. डुकराचा मालक खवळून येतो. फ्रान्सिस जिनेप्रोला क्षमा मागायला पाठवतात, आणि तो इतक्या मनापासून मागतो की मालक वैतागून उरलेलं डुक्करही आणून टाकतो. प्रसंग क्रूर आहे, विनोदी आहे, आणि यात पुण्य नेमकं कुणाचं हे दिग्दर्शक सांगत नाही. पुढे हाच जिनेप्रो निकोलायो नावाच्या जुलमी सरदाराच्या छावणीत सापडतो, तेव्हा सैनिक त्याला चेंडूसारखं उडवतात. अवाढव्य चिलखतात अडकलेला आल्दो फाब्रित्सी डोळे वटारतो, गुरगुरतो, आणि समोरच्या शांत चेहऱ्यापुढे हळूहळू हतबल होतो. फाब्रित्सी नावाजलेला नट. त्याच्यासमोर खरेखुरे संन्यासी. नोचेरा इन्फेरिओरेच्या मठातल्या बंधूंनाच रोसेलिनीने कॅमेऱ्यासमोर उभं केलं होतं. अभिनय येणारा माणूस अभिनय न येणाऱ्यापुढे हरतो, आणि सरदाराची हार आपल्याला त्यातूनच पटते.

गंमत अशी की याच रोसेलिनीच्या ‘इल मिराकोलो’ या १९४८ च्या छोट्या पटावर कॅथलिक धर्मगुरूंनी पाखंडाचा ठपका ठेवला होता. पुढे १९९५ मध्ये सिनेमाच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने पंचेचाळीस महत्त्वाच्या चित्रपटांची यादी केली, तेव्हा तिच्यात हे फ्रान्सिस होते.

चमत्कारांच्या बाबतीत मात्र दोन्ही चित्रपटांच्या वाटा वेगळ्या होतात. प्रभातला चमत्कार टाळता येत नव्हते आणि टाळायचेही नव्हते. इंद्रायणीत बुडवलेल्या आणि पुन्हा वर आलेल्या तुकोबांच्या अभंगांच्या वह्या पाहायलाच तर प्रेक्षक येणार होता. आज त्यातल्या काही करामती भाबड्या दिसतात. तुकोबांना वैकुंठाला नेणारं शेवटचं गरुडाचं विमान तर जत्रेतल्या देखाव्यातलं वाटतं. रोसेलिनीकडे एकही चमत्कार नाही. रात्र, लांबून येणारा घंटेचा आवाज, आणि एक कुष्ठरोगी. फ्रान्सिस त्याच्या मागे जातात, तो टाळतो, ते त्याला मिठी मारतात. रोगी बरा होत नाही. तो घंटा वाजवत आपल्या वाटेने निघून जातो आणि फ्रान्सिस गवतात पडून रडतात. या प्रसंगापुढे प्रभातच्या सगळ्या करामती मला फिक्या वाटतात, हे प्रभातवर जीव असूनही म्हणावं लागतं.

पण विमान वर जात असताना दामले-फत्तेलाल जिजाईला विसरत नाहीत. ती खाली जमिनीवरच राहते, आणि त्या एका निवडीने कथेतला सोपा शेवट अवघड होऊन बसतो. वैकुंठाला गेलेल्याचा संसार इथेच उरला आहे, हे आपल्याला दिसत राहतं. रोसेलिनी तर सगळ्यांनाच जमिनीवर ठेवतो. सोबती कुठे जायचं हे ठरवण्यासाठी लहान मुलांसारखे गरगर फिरतात आणि भोवळ येऊन पडताना तोंड ज्या दिशेला होईल, त्या गावाला प्रवचनासाठी निघतात.

तुकोबांचे चिंतनाचे डोंगर आज कारखान्यांच्या गराड्यात आहेत: तळेगाव-चाकण रस्त्यावरून भंडारा दिसतो, भामचंद्र चाकणच्या एमआयडीसीला खेटून. पिंपरी-चिंचवडला नोकरीच्या निमित्ताने आलेली केरळची, गोव्याची, वसईची कॅथलिक कुटुंबं रविवारी मिस्साला जातात आणि त्यांचे शेजारी तुकाराम बीजेला देहूला. दोन्ही घरांत मिळून हे दोन चित्रपट पाहायला हरकत नाही. आधी रोसेलिनी पाहावा. तो दीड तासाच्या आतला आहे आणि त्याच्या कोरडेपणानंतर प्रभातच्या विमानाला हसण्याआधी आपण खाली जिजाईकडे बघू लागतो. उलट क्रमाने पाहिलं तर इटलीचे संन्यासी थोडे रूक्ष वाटण्याचा धोका आहे, कारण त्यांच्यात भांडायला घरची बाई नाही.