मोजलेला राग, न मोजलेली माणसे

समाजमाध्यमांवरील मजकूर यंत्राने चाळून जनमानसाचा कौल सांगण्याची विद्या आता वर्तमानपत्रांच्या चांगलीच अंगवळणी पडली आहे. अमुक निर्णयावर इतके टक्के लोक संतप्त, तितके समाधानी, असे आकडे आपण चहाबरोबर वाचतो आणि मानतोही. या विद्येची पारख दोन उदाहरणांवरून करावी असे वाटते. दोन्ही अभ्यास विद्यापीठीय आहेत, म्हणजे मुद्दाम फसवण्याचा हेतू नसतानाही चूक कशी होते ते त्यांत दिसते.

पहिले उदाहरण जर्मनीचे. २७ सप्टेंबर २००९ रोजी तेथे संसदेची निवडणूक झाली. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील चार संशोधकांनी त्यापूर्वीच्या काही आठवड्यांतील एक लाखाहून अधिक ट्विटर-संदेश तपासले आणि २०१० मध्ये असे प्रतिपादन केले की, पक्षांच्या नुसत्या नामोल्लेखांचे प्रमाण मतांच्या प्रमाणाशी जवळजवळ जुळते. निष्कर्ष गाजला. २०१२ मध्ये युंगहेर, युर्गेन्स आणि शोएन या तिघांनी त्याची उलटतपासणी केली. मूळ अभ्यासात संसदेतील सहाच पक्ष घेतले होते. महाजालाच्या स्वातंत्र्यासाठी लढणारा ‘पायरेट’ पक्ष वगळला होता. तो धरला असता तर सुमारे ३५ टक्के उल्लेखांसह तोच पहिला आला असता! प्रत्यक्षात त्याला मते पडली २ टक्के आणि जागा एकही नाही. शिवाय मोजणीच्या तारखा मागेपुढे केल्या की जुळणीही बदलत होती. परीक्षेचा निकाल हाती असताना उत्तरपत्रिका निवडावी, तसाच हा प्रकार म्हणायचा. त्याच अभ्यासात संदेशांतील भाव जोखण्यासाठी जर्मन मजकूर यंत्राकरवी इंग्रजीत आणून मग शब्द मोजले होते. दोन-तीन भाषांच्या सीमेवर आयुष्य काढलेल्या आपल्यासारख्यांना त्यातली गोम सांगायला नको. आमच्या गल्लीत चार दिवसांनी नळाला पाणी आले तेव्हा शेजाऱ्यांनी गटावर लिहिले, ‘वा, दिवाळीच की!’ शब्द मोजणाऱ्याने हा आनंदच धरला असता.

दुसरे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत पेजरवरून गेलेले पाच लाखांहून अधिक संदेश ‘विकिलीक्स’ने २००९ मध्ये उघड केले. माइन्झ विद्यापीठातील तीन मानसशास्त्रज्ञांनी त्यांतील भाववाचक शब्द मोजून २०१० मध्ये दाखवले की, त्या दिवशी दुःख व चिंता फारशा वाढत गेल्या नाहीत, राग मात्र तासागणिक चढत गेला. वाचणाऱ्याला ते पटलेच असते, कारण तसे घडले असेल असे आपल्याला आधीच वाटत असते. पुढल्या वर्षी सिंथिया प्युरी यांनी मूळ संदेश उघडून वाचले. रागाच्या शब्दांपैकी एक तृतीयांशाहून अधिक शब्द एकाच यंत्राच्या एकाच संदेशातून आले होते. एक संगणक बिघडला होता आणि तो पुन्हा सुरू करा, स्थिती ‘क्रिटिकल’ आहे, असे यंत्र हजारो वेळा कळवत होते. शब्दकोशात ‘क्रिटिकल’ हा शब्द रागाच्या कप्प्यात होता. मूळ संशोधकांनी चूक मान्य करून पुन्हा मोजणी केली, तेव्हा रागाची ती चढण नाहीशी झाली. त्यांच्या या प्रांजळपणाला नमस्कार! पण पाच लाख ओळींतून पन्नास जरी कोणी डोळ्यांनी वाचल्या असत्या, तर ही नामुष्की टळली असती.

अशा चुका यंत्रयुगाच्याच, असेही नाही. १९३६ मध्ये अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रे धाडली, त्यांपैकी चोवीस लाखांच्या आसपास परत आली आणि लँडन निवडून येणार असे भाकीत निघाले. रूझवेल्ट प्रचंड बहुमताने आले. नावे मुख्यतः टेलिफोनच्या व मोटारींच्या याद्यांतून घेतली होती, आणि ज्यांना बोलायचे होते त्यांनीच उत्तरे धाडली.

मीही या पापातून मुक्त नाही. शासकीय सेवेत असताना एका तहसिलीतून तक्रार-अर्ज एकदम घटले, म्हणून मासिक अहवालात मी ‘स्थिती समाधानकारक’ असा शेरा मारला. पुढच्या दौऱ्यात कळले की नदीवरचा रपटा पावसात बुडाला होता आणि पलीकडच्या गावांना कचेरीत येणेच शक्य नव्हते. तो शेरा माझ्या सहीनिशी आजही कुठल्या तरी फाइलीत असेल.

हे सारे आज लिहिण्याचे कारण घरचेच आहे. हे त्रैमासिक छापणे थांबवावे, असा विचार आपल्या कार्यकारिणीत चालू आहे. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर अंकाची घोषणा झाली की तीन-चार अंगठे उमटतात, तेव्हा वाचक उरलेले नाहीत, असा युक्तिवाद आहे. तरुण सहकाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, आणि छपाईचा खर्च मलाही दिसतो. पण ज्या काकू भिंगातून अंक अथपासून इतिपर्यंत वाचतात, त्यांच्याकडे तसला फोनच नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांतले कित्येक अंगठा उमटवणे असभ्य समजतात. अंकासोबत पोस्टकार्ड जोडावे असे कोणी सुचवले, तर ‘डायजेस्ट’चीच पुनरावृत्ती होईल: उत्साही तेवढे लिहितील. त्यापेक्षा वर्गणीदारांच्या नोंदवहीतील दर दहावे नाव काढावे आणि त्या घरी जाऊन, अंक कोणी वाचला, कोणता लेख आवडला, एवढेच विचारावे. रामबागेतील घरे मी घेतो.