दोघांचा प्रवास, एकाचें वर्णन

मराठींत प्रवासवर्णनांस तोटा नाहीं. तोटा आहे तो सवडीचा, आणि दुसऱ्या माणसाचा. अंधेरी, बोरीवली, मुलुंड या आमच्या उपनगरांतून सेवानिवृत्त जोडपीं आतां दर उन्हाळ्यांत युरोपास जातात आणि परत आल्यावर त्यांपैकीं कांहीं लिहितातहि. त्यांच्या लेखांत बेल्जममधील ब्रूज हें जुनें शहर बहुधा एका दुपारीं उरकलेलें असतें. कालवा, चॉकलेट, घंटाघर, आणि पुन्हां बस. शहराची कैफियत मागाहून मांडूं. प्रथम प्रश्न असा कीं, गेलीं तीं दोघें. मग लिहितांना एकच कां?

या प्रश्नाचा माग काढीत गेल्यास आपण आमच्या एका अत्यंत आवडत्या पुस्तकापाशीं येतों. पु. ल. देशपांडे यांचें लहानपण जोगेश्वरींत व पार्ल्यांत गेलें, म्हणून उपनगरवासीयांस ते घरचेच. १९६० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘अपूर्वाई’नें परदेशाच्या माहितीपेक्षां परदेशीं गेलेल्या मध्यमवर्गीय माणसाची धांदल अधिक वाचनीय असते, हें मराठी वाचकांस पटवून दिलें. (ही वाट अनंत काणेकरांनीं १९४० सालच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ या पुस्तकांत आधींच मोकळी करून ठेविली होती, हें सहसा कोणी सांगत नाहीं.) त्या प्रवासांत सुनीताबाई बरोबर होत्या, आणि पुस्तकांतहि त्या आहेत, परंतु आहेत त्या लेखकाच्या विनोदाच्या उजेडांत. यांत दोष काढण्याचें कारण नाहीं, कारण विनोदी लेखन एकाच डोळ्यानें पाहतें. दोष आहे तो अनुकरण करणारांचा. पति गोंधळलेला, पत्नी खरेदीस सोकावलेली आणि परक्या नाण्याचे मनांतल्या मनांत रुपये करणारी, ही जोडी त्यांनीं इतकी वापरली कीं तिची आतां नाणीहि झिजलीं.

पुढें १९९० सालीं ‘आहे मनोहर तरी’ प्रसिद्ध झालें. तें प्रवासवर्णन नव्हे. तथापि तें वाचून ‘अपूर्वाई’ पुन्हां हातीं घेतली म्हणजे मन थबकतें. जी व्यक्ति तेथें विनोदास साथ देत होती, तिची नजर किती करडी आणि स्वतःसहि सूट न देणारी होती, हें तीस वर्षांनीं कळतें. त्या नजरेस लंडन आणि पॅरिस कसें दिसलें असतें? तें न लिहिलेलें पुस्तक ही मराठी वाङ्मयाची खरी हानि आहे, असें आम्हांस वाटतें. पाहण्याची शक्ति स्त्रियांत नव्हती असें कोणी म्हणूं नये. पंडिता रमाबाईंनीं अमेरिकेचें प्रवासवृत्त १८८९ सालींच दिलें होतें, आणि आमच्या काळांत मीना प्रभूंनीं तर देशांमागून देश लिहून काढले. तेव्हां पत्नी लिहूं शकते. पतीबरोबर गेलेल्या प्रवासांतच तिची लेखणी घरीं राहते.

१४३४ सालीं यान व्हॅन आइक या ब्रूजच्या चित्रकारानें तेथें राहणाऱ्या एका इटालियन व्यापाऱ्याचें सपत्नीक चित्र काढलें. तें आज लंडनच्या नॅशनल गॅलरींत आहे. हातांत हात आहे. पति समोर तोंड करून उभा, पत्नीची मान त्याच्याकडे वळलेली. आमचीं प्रवासवर्णनें येथवर या चित्राबरहुकूम आहेत. परंतु चित्रकारानें मागील भिंतीवर एक बहिर्गोल आरसा टांगला आहे. त्यांत दोघें पाठमोरीं दिसतात आणि दारांत उभीं असलेलीं आणखी दोन माणसेंहि. हा आरसा आमच्याकडे अद्याप कोणी टांगला नाहीं.

आणि ब्रूज तर सवडीवांचून उमगत नाहीं. झ्विनच्या खाडीनें एके काळीं समुद्राचा व्यापार या शहराच्या दाराशीं आणला. खाडी गाळानें भरत गेली, व्यापार अँटवर्पकडे वळला, आणि पाडून नवें बांधण्याइतका पैसा गांवांत न उरल्यामुळें जुनें तसेंच राहिलें. आमच्या सोपाऱ्याचें बंदरहि गाळानेंच बुजलें. तेथें मात्र घरें राहिलीं नाहींत. या थांबलेपणावर जॉर्ज रोडेनबाख यांनीं १८९२ सालीं एक कादंबरी लिहिली. तिचा नायक विधुर आहे, आणि मृत पत्नीचें स्मरण करीत तो कालव्यांच्या कांठानें हिंडतो. तेथेंहि पत्नी बोलत नाहीं. पण तिला निदान मरणाचें तरी कारण आहे.

घंटाघरास ३६६ पायऱ्या आहेत. पति चढतो, पत्नी गुडघ्यांमुळें खालीं चौकांत बसते, आणि लेख उतरतो तो वरून दिसलेल्या कौलांचा. त्या चौकापासून थोड्याच अंतरावर १२४५ सालीं स्थापन झालेला बेगिनाज आहे. पतीवांचून, परंतु संन्यासिनीची आजन्म शपथ न घेतां राहणाऱ्या स्त्रियांची ती वसाहत होती. मध्यें झाडें, भोंवतीं पांढरीं घरें. पति वर असतां ती तेथवर एकटी जाऊन आली असेल, तर तिला काय वाटलें याची एक ओळहि आम्हांस अद्याप कोणत्याहि लेखांत आढळलेली नाहीं.